गळाला लावलेला जीव



या लेखाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना हसू येईल, हे मी धरूनच चालतो. समुद्रतळाशी वावरणारा मासा पकडण्यासाठी गळाला जिवंत कृमी टोचावा की टोचू नये, हा काय ख्रिस्ती मासिकात चर्चा करण्याचा प्रश्न झाला? माणसाच्या दुःखाचे डोंगर समोर असताना किड्याचे दुःख मोजत बसावयास सवड कोणाला आहे? हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. तरीही हा प्रश्न हाती घेण्याचे कारण असे की, तो टाळण्यासाठी आपण जी कारणे सहज पुढे करतो, तीच कारणे अन्य प्रसंगी, अन्य जिवांविषयी, आपल्या फार उपयोगी पडतात. म्हणून ती एकदा बारकाईने पाहावीत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या कोकणात गरवायला बसणारा माणूस बहुधा कोळंबीचा तुकडा किंवा शिंपल्यातले मांस गळाला लावतो. परंतु इंग्लंडच्या किनाऱ्यावर हौशी गळकऱ्यांचे मुख्य आमिष म्हणजे समुद्रकृमी होय. त्यांपैकी दोन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. पहिली लगवर्म. हा बोटाएवढा जाड प्राणी ओल्या वाळूत इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराचे बीळ करून राहतो, वाळू गिळतो, तिच्यातील सेंद्रिय अंश पचवितो आणि उरलेली वाळू शेवयांच्या वेटोळ्यासारखी वर टाकतो. दुसरी रॅगवर्म. हिला दोन्ही अंगांस झालरीसारखे पाय असतात आणि तोंडात चिमटा घेणारे जबडे असतात. ओहोटी लागली की माणसे काटेरी फावडे घेऊन उघड्या पडलेल्या वाळूवर उतरतात, वेटोळ्यांच्या खुणेवरून खणतात आणि मिळालेले कृमी ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून थंड जागी जिवंत ठेवतात. गळाला लावताना लगवर्म पोकळ सुईवर डोक्यापासून शेपटीपर्यंत ओवला जातो व सुईवरून गळावर सरकविला जातो. त्याच्या अंगातून पिवळट द्रव निघतो, त्याने बोटे रंगतात. मग दोरीला शिसे बांधून तो तळाशी सोडला जातो. हिवाळ्यात कॉड येतो, एरवी आपल्याकडील लेपीसारखे चपटे मासे येतात.

जिवंतच का? याची दोन उत्तरे आहेत आणि ती वेगवेगळी ठेवली पाहिजेत. लगवर्मच्या बाबतीत मासा मुख्यतः त्या द्रवाच्या वासाने खेचला जातो. म्हणून काळ्या लगवर्मची आतडी काढून, त्याला गोठवून किंवा मिठात घालूनही तो वापरतात, आणि मासे त्यालाही लागतात. रॅगवर्मची गोष्ट निराळी. तो गळावर वळवळतो आणि ती वळवळच माशाच्या नजरेत भरते. येथे नैतिकदृष्ट्या एक नवीन गोष्ट घडते. आपण कोंबडी किंवा बकरे मारतो, तेव्हा त्याची तडफड आपल्याला नको असते. ती कमीत कमी व्हावी म्हणून सुरी धारदार ठेवली जाते. रॅगवर्मच्या तडफडीला मात्र किंमत आहे. ती थांबली की कृमी निकामी झाला म्हणून काढून टाकतात आणि दुसरा लावतात. एखाद्या जिवाला मारून त्याचे मांस घेणे आणि त्याच्या तडफडीचाच उपयोग करणे यांत अंतर आहे, असे मला वाटते. पण ते अंतर खरे ठरण्यासाठी आधी एक प्रश्न सुटला पाहिजे: ती तडफड आहे की नुसती हालचाल?

शास्त्रज्ञांत याविषयी एकमत नाही. नॉर्वे सरकारने प्राणिसंरक्षणाच्या नव्या कायद्याचा विचार चालू असताना हा प्रश्न तज्ज्ञांकडे सोपविला. २००५ साली ओस्लो विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ लाउरिट्स स्योमे यांच्या अहवालाने असा निष्कर्ष काढला की गळावरील कृमीला बहुधा वेदना होत नाहीत, त्याचे वळवळणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असावी, कारण त्याची मज्जासंस्था फार साधी आहे. हे वृत्त जगभर छापून आले आणि अनेक गळकऱ्यांना हायसे वाटले. परंतु १९७९ सालीच स्वीडनमधील संशोधकांनी गांडुळाच्या मज्जासंस्थेत आपल्या शरीरात वेदना शमविणाऱ्या एन्केफॅलिन व एन्डॉर्फिन या द्रव्यांसारखी द्रव्ये आढळल्याचे प्रसिद्ध केले होते. ज्याला वेदनाच नाही त्याच्याजवळ वेदनेचे औषध कशाला, असे कोणी विचारील. ते पुरेसे प्रमाण नव्हे, कारण ही द्रव्ये शरीरात इतरही कामे करतात. माशांविषयीही पूर्वी असेच खात्रीने बोलले जात असे. २००३ साली लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठांत मधमाशीचे विष व आम्ल टोचून पाहिले. मासे टाकीच्या तळाशी असलेल्या खड्यांवर ओठ घासू लागले, त्यांचा श्वास जलद झाला आणि बराच वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. तेव्हापासून माशाच्या बाबतीतली खात्री डळमळली आहे. २०२२ साली ब्रिटनने संवेदनशील प्राण्यांविषयी केलेल्या कायद्यात खेकडे, शेवंडी आणि माकळी-ऑक्टोपस यांचा समावेश झाला. कृमी मात्र त्या कुंपणाबाहेर राहिला.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत अधिक उदार आहे, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव येतो. अक्षरशः पाहता कृमीही आला. अन्नासाठी प्राणी मारण्यास हा कायदा मोकळीक देतो. अनावश्यक यातना मात्र देऊ नयेत असे बजावतो. आणि केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य म्हणून बांधून ठेवणे हा त्यात अपराध आहे. अभयारण्यात वाघ दिसावा म्हणून आमिष बांधण्याचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. कृमीसाठी कोणी न्यायालयात जाणार नाही आणि जाऊही नये. पण कायदा करणाऱ्यांनी जो भेद केला तो विचार करण्याजोगा आहे: भूक वेगळी, मौज वेगळी.

आता आपण आपल्या शास्त्राकडे वळू. बायबलचे भाषांतर करणाऱ्या माणसाला एक सवय जडते. इतरांना जेथे अर्थ दिसतो, तेथे त्याला आधी शब्द दिसतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जलात वळवळणाऱ्या जीवजंतूंसाठी मूळ इब्रीत ‘नेफेश हय्या’ असा शब्दप्रयोग आहे. दुसऱ्या अध्यायात मातीच्या मनुष्याच्या नाकपुड्यांत देव श्वास फुंकतो आणि मनुष्य जे काही होतो, त्यालाही नेमका हाच शब्दप्रयोग आहे. भाषांतरात मात्र एका ठिकाणी ‘जीवजंतू’ आणि दुसऱ्या ठिकाणी अधिक प्रतिष्ठित शब्द घालण्याचा मोह बहुतेक सर्वांना होतो. शिवाय पवित्र शास्त्रातील पहिला आशीर्वाद कोणाला मिळाला? मनुष्याला नव्हे. पाचव्या दिवशी तो पाण्यातील जिवांना आणि पक्ष्यांना मिळाला.

योनाच्या पुस्तकात तर मासा आणि किडा दोघेही आहेत. ‘मानाह’ म्हणजे नेमणे, हे क्रियापद त्या छोट्या पुस्तकात चार वेळा येते. देव मासा नेमतो, वेल नेमतो, वेल कुरतडणारा किडा नेमतो आणि पूर्वेचा झळीचा वारा नेमतो. अवाढव्य माशाची आणि क्षुद्र किड्याची नेमणूक एकाच शब्दाने झालेली आहे. अनेक भाषांतरांत प्रवाही भाषेच्या नादात येथे चार वेगळी क्रियापदे येतात व हा धागा तुटतो. माझे मत असे की, भाषा थोडी अवघडली तरी चालेल, पण ही पुनरुक्ती राखलीच पाहिजे.

या सर्वांवरून किडा मारू नये असा नियम निघतो काय? निघत नाही. प्रभू येशूने कोळ्यांना शिष्य केले, त्यांचा धंदा पाप आहे असे कधी म्हटले नाही आणि पुनरुत्थानानंतर शिष्यांदेखत भाजलेला मासा खाल्ला. पौल तर करिंथकरांस लिहिताना मळणीच्या बैलाविषयीचा मोशेचा नियम उद्धृत करून विचारतो की देवाला काय बैलांची चिंता आहे! मूळ ग्रीक प्रश्नाची घडण नकारार्थी उत्तराची अपेक्षा करणारी आहे. मराठीत ‘थोडीच’ हा शब्द घातला तर ती घडण तंतोतंत उतरते. साधे ‘काय’ घातले तर प्रश्न मोकळा राहतो. हे वाक्य मला नेहमीच अडचणीचे वाटत आले आहे. पौलाचा मुद्दा सुवार्तिकाच्या उदरनिर्वाहाचा आहे, पशूंचा नव्हे, हे खरे. पण त्याच्या वाक्याच्या आधाराने पशूंना देवाच्या काळजीबाहेर काढणारे पुष्कळ झाले. त्याच्या शेजारी दोन शुभवर्तमानांतील एक हिशेब ठेवून पाहावा. मत्तयाच्या बाजारात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या बाजारात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट, गिऱ्हाईक खूश राहावे म्हणून वर टाकलेली. आणि प्रभू सांगतो की त्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही. डझनाच्या भावाने कागदात बांधून मिळणाऱ्या कृमींच्या पुड्यातही दुकानदार एखाददुसरा वर घालीत असेलच.

इंग्लंडच्या ईशान्येस नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. आपल्यासारख्यांना ते दोन कारणांनी पूज्य. इसवी सन ७०० च्या सुमारास तेथे शुभवर्तमानांची ती सुप्रसिद्ध सचित्र प्रत तयार झाली. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या पुरोहिताने तिच्या लॅटिन ओळींच्या मधोमध जुन्या इंग्रजीत एकेक शब्दाचा अर्थ लिहिला, आणि शुभवर्तमानांचे इंग्रजीतील आज उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने भाषांतर ठरले. दुसरे कारण संत कथबर्ट. ६८७ साली निवर्तलेल्या या साधूने तेथील आयडर जातीच्या बदकांना अभय दिले होते, अशी परंपरा सांगते. त्याच बेटाच्या वाळूवर १८९१ साली चार्ल्स डेव्हिसन या अभ्यासकाने लगवर्मची वेटोळी मोजली आणि हे कृमी वर्षभरात एकरी सुमारे १,९०० टन वाळू खालून वर आणतात, असा हिशेब मांडला. डार्विनचे गांडुळांवरील पुस्तक त्याआधी दहाच वर्षे प्रसिद्ध झाले होते. किनाऱ्याची जी नांगरणी आपण कधी पाहिली नाही, ती हे जीव अहोरात्र करीत असतात.

आज त्या परिसरात आमिषासाठी खणण्यावर निर्बंध आहेत. का, तर स्वालबार्डहून हिवाळ्यात येणारी हंसबदके आणि चिखलात चोच घालून चरणारे पक्षी त्यामुळे उठून जातात. जवळच्या बूमर या कोळीगावच्या किनाऱ्यावरून तर एक खटला चालला. १९९३ साली न्यायालयाने असे ठरविले की लोकांना समुद्रात मासे धरण्याचा जो पुरातन हक्क आहे, त्यात स्वतःच्या गळासाठी कृमी खणण्याचा हक्क अंतर्भूत आहे. मात्र विक्रीसाठी खणणे त्यात येत नाही. निवाडा शहाणपणाचा आहे. पण आपल्या हेही लक्षात येईल की या सगळ्या वादात कृमी एकतर गळकऱ्याचा माल आहे किंवा पक्ष्याचा घास. तो स्वतः वादी नाही, प्रतिवादी नाही, साक्षीदारही नाही.

या क्षुद्र जिवाची आणखी एक हकिकत सांगतो. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन लाल पेशींत बंदिस्त नसून रक्तात मोकळे असते, आणि त्याचा एक रेणू माणसाच्या हिमोग्लोबिनच्या सुमारे चाळीसपट प्राणवायू वाहून नेतो. फ्रान्समध्ये फ्रांक झाल यांनी त्यावर संशोधन केले आणि प्रत्यारोपणासाठी काढलेले मूत्रपिंड टिकविण्याच्या द्रवात त्याचा उपयोग होऊ लागला. त्यासाठीही कृमी मरतातच. पण मूत्रपिंडाची वाट पाहणारा रुग्ण आणि रविवारची दुपार घालविणारा गळकरी यांना मी एका तराजूत घालणार नाही. आणि कृमींशी आपला संबंध नाही असे समजणाऱ्यांसाठी सांगतो: आपल्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत माद्यांनी अंडी धरावीत म्हणून त्यांना समुद्रकृमी खाऊ घालतात. कोळंबीचे कालवण आवडणारा कोणीही या हिशेबातून सुटत नाही, प्रस्तुत लेखकही नाही.

आता ‘आमिष’ या शब्दाकडे येतो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तेथे दडला आहे. आमिष म्हणजे मूळात मांस; म्हणून शाकाहाराला निरामिष म्हणतात. पुढे गळाला लावलेले मांस ते आमिष झाले आणि त्यापुढे लोभ दाखविण्याची कोणतीही वस्तू. ग्रीक भाषेतही असेच घडले. याकोबाच्या पत्रात मनुष्य आपल्याच वासनेने ओढला व भुलविला जातो असे म्हटले आहे, तेथील ‘भुलविणे’ हे क्रियापद आमिषाच्याच शब्दापासून बनले आहे. नव्या करारात आमिष हे सर्वत्र वाईटाचे साधन आहे. उलट, गनेसरताच्या किनाऱ्यावर प्रभू पेत्राला माणसे धरणारा होशील असे सांगतो, तेव्हा लूकने वापरलेल्या क्रियापदाचा अर्थ ‘जिवंत धरणे’ असा आहे. युद्धात शत्रूला ठार न मारता जीवदान देऊन पकडणे यासाठी तो वापरीत. त्या प्रसंगी हाती जाळे होते, गळ नव्हता. सबंध नव्या करारात गळ एकदाच येतो: कराचे नाणे माशाच्या तोंडात सापडते, त्या मत्तयाच्या कथेत.

१९६७ साली ओरिसात आणि १९६८ साली मध्य प्रदेशात झालेल्या कायद्यांपासून ख्रिस्ती समाजावर आमिष दाखविल्याचा आरोप सतत होत आला आहे. आपण त्याला उत्तर देतो, आणि पुष्कळदा ते उत्तर रास्त असते. पण आरोप करणारे आणि उत्तर देणारे, दोघेही माशाचाच विचार करतात: तो भुलला की स्वेच्छेने आला? गळावर कोण होते, हे कोणी विचारीत नाही. चौथ्या शतकातील निस्साच्या ग्रेगरीने ख्रिस्ताच्या देहाला आमिषाची आणि त्याच्या देवत्वाला त्यात लपलेल्या गळाची उपमा दिली. मृत्यूने घास घेतला आणि तोच अडकला. देवाने सैतानालाही का होईना, फसवावे, ही कल्पना मला रुचत नाही. परंतु त्या उपमेत एक गोष्ट आहे जी अन्यत्र सापडत नाही. तेथे आमिष झालेला स्वेच्छेने झाला. दुसऱ्या कोणाला धरून टोचलेले नाही.

आणि आपण? संस्थेच्या वार्तापत्राच्या पहिल्या पानावर छापलेल्या त्या अनाथ मुलाचे छायाचित्र डोळ्यांपुढे आणा. फाटका सदरा, नाकाखाली वाळलेला शेंबूड, मोठे डोळे. देणगी यावी म्हणून तेच छायाचित्र निवडले जाते ज्यात दुःख अधिक बोलते. मूल हसले तर ते छायाचित्र बाजूला पडते. देणगी खरी असते, तिच्यातून त्या मुलाला अन्नही मिळते, हे मी विसरलेलो नाही. तरीही दुःख थांबले तर उपयोग संपला, हा हिशेब आपण कोठे पाहिला? कुष्ठरोग्याची बोटे, विधवेची साक्ष, व्यसनातून सुटलेल्याला सभेपुढे उभे करून पुन:पुन्हा वदवून घेतलेले त्याचे जुने पाप, यांचाही याच यादीत विचार करावा. मुलाची आणि कृमीची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही, आणि मुलाला वेदना होते की नाही यावर कोणी अहवाल मागविलेला नाही. मी फक्त हाताची सवय दाखवीत आहे. तडफड उपयोगाची आहे, असे एकदा मानण्याची सवय लागली की हात ओवीत जातो.

यावर एखादा वाचक म्हणेल, मग कृमीच्या प्रश्नाचे आपले उत्तर काय? ज्याच्या घरी संध्याकाळी मासा शिजणार आहे आणि ज्याच्याजवळ दुसरे आमिष नाही, त्याला मी अडविणार नाही. वेदना आहे की नाही याचा संशय आहे, तेथे पौलाने रोमकरांस अन्नाविषयी घातलेला दंडक मला पुरेसा वाटतो: संशय बाळगून केलेली गोष्ट विश्वासाने केलेली नव्हे. हौशी माणसाला मात्र पर्याय आहे. गोठविलेला लगवर्म आहे, कोळंबी आहे, शिंपल्यातले मांस आहे. मासे थोडे कमी लागतील. जिवंत कृमी वापरावयाचाच असेल तर लागतील तेवढेच खणावेत, उरलेले उन्हात टाकून देऊ नयेत, आणि खणलेला खड्डा परत बुजवावा. तसे न केल्यास बाजूला पडलेल्या चिखलाच्या ढिगाखाली लहान शिंपले गुदमरून मरतात, आणि ते तर कोणाला गळासाठीही नको होते.